थंडीवर आळ घेण्याआधी चाकाला विचारा

गाडी सुरू होते, गिअर पडतो, पण क्लच सोडला की चाक जागचं हलत नाही. अशा वेळी गाडीतले पाच जण पाच सल्ले देतात. ऐकायचं कुणाचं?

जानेवारीचा पहिला आठवडा आहे. तीन तारखेला सावित्रीबाईंच्या जयंतीला नायगावला जायचं, तिथून पुढे वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर, असा तुमचा प्लॅन. आदल्या रात्री मुक्काम खंडाळ्यात, मित्राच्या घरी. (खंडाळा म्हणजे साताऱ्याचा. लोणावळ्याशेजारचा, सिनेमातल्या गाण्यातला नव्हे. पुण्याहून येताना शिरवळ मागे पडलं की खंबाटकी घाटाच्या पायथ्याला लागतो, तो.) गाडी कुणाच्या तरी पप्पांची. धुळीनं माखली होती म्हणून संध्याकाळी अंगणात पाइप लावून मस्त धुतली, आणि ‘सेफ असावी’ म्हणून हँडब्रेक दोन्ही हातांनी खेचून ठेवला.

सकाळी साडेसहा. काचेवर दव, तोंडातून वाफ, हातात चहाचा कप. स्टार्टर मारला, इंजिन सुरू झालं. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीचा मागचा भाग खाली बसला, पुढचा उचलला गेला आणि इंजिन बंद. पुन्हा तेच. लगेच निदानं सुरू होतात. ‘थंडीनं चाक आखडलं रे.’ ‘गरम पाणी ओत.’ ‘गिअरबॉक्स गेला वाटतं.’ आणि ग्रुपमध्ये एक जण असतोच, जो ठामपणे सांगतो, ‘रेस दे, सुटतंय बघ!’

हा शेवटचा सल्ला सगळ्यात महाग पडणारा आहे. का, ते आधी बघू.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक असतात आणि मागे ड्रम. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारं लोखंडी भांडं. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन ब्रेक शू असतात आणि त्यांच्यावर लायनर चिकटवलेले असतात. हँडब्रेक ओढला की वायर ताणली जाते, शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि लायनर ड्रमला आतून घट्ट दाबले जातात. हँडब्रेक सोडला की स्प्रिंगनी ते परत आत यायचे. आता समजा लायनर ड्रमला चिकटून बसलाय आणि तुम्ही इंजिनची सगळी ताकद लावली. मग तीनपैकी काहीतरी होतं. चिकटलेलं सुटतं, हे नशीब. किंवा अर्धा क्लच धरून धरून क्लच प्लेट जळते आणि तो जळका वास दिवसभर गाडीत राहतो. किंवा लायनर ड्रमपासून सुटण्याऐवजी शूपासूनच उखडतो आणि तो तुकडा ड्रमच्या आत अडकतो. मघाशी फक्त चिकटलेलं चाक आता खरोखर जाम झालं. शिवाय त्या चाकाचा ब्रेकही गेला. पुढे तर खंबाटकी आहे.

म्हणून रेस देण्याआधी पाच मिनिटं. गाडी बंद करा, खाली उतरा आणि आरोपी कोण ते ठरवा.

पहिला संशय थंडीवर आहे, तर तिच्यापासूनच सुरू करू. चाक बर्फानं धरायचं, तर पाणी गोठायला हवं, म्हणजे पारा शून्याला टेकायला हवा. खंडाळ्यात जानेवारीच्या पहाटे कुडकुडायला होतं हे खरं, पण शून्य अंशापासून आपण बरेच वर असतो. बर्फाचा विषय इथेच संपला. गरम पाण्याचा सल्लाही त्याच्याबरोबर निकालात निघतो. जिथे बर्फच नाही तिथे पाणी ओतून तुम्ही ड्रम आणखी ओला कराल, एवढंच.

तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, ‘अरे, पण महाबळेश्वरला बर्फ पडतो की!’ पडत नाही, गोठतो. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला एखाद्या कडक हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात. गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो. गंमत अशी की त्या पहाटेही हवेचं तापमान बऱ्याचदा शून्याच्या वरच असतं. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला असला, की गवत आणि गाडीचा पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त थंड होतात. दव गोठतं ते पत्र्यावर. मडगार्डच्या आत, चाकाच्या मागे लपलेल्या ड्रमला उघडं आकाश दिसतच नाही. त्यामुळे टपावर हिमकण दिसले म्हणून चाकही गोठलं असेल, असा हिशेब लावता येत नाही.

मग थंडी निर्दोष का? अगदी तसंही नाही. तिचा हात आहे, पण आडून. थंडीत ग्रीस घट्ट होतं, बॅटरी मंदावते, आणि मुख्य म्हणजे दव पडतं. तुमच्या बाइकची पुढची डिस्क ओल्या रात्रीनंतर सकाळी नीट बघा. काल चकचकीत असलेल्या पृष्ठभागावर नारिंगी झाक आलेली असते. एका रात्रीत! उघडं बीडाचं लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंजाला तेवढा वेळ पुरतो. बाइकच्या डिस्कवरचा तो गंज पहिल्या दोन ब्रेकमध्ये पुसला जातो, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. ड्रमच्या आत हेच होतं, फक्त तिथे लायनर रात्रभर दाबून बसवलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो, लायनरच्या खरखरीत पृष्ठभागात शिरतो आणि दोघांना सांधून टाकतो. संध्याकाळी गाडी धुतली, एक फेरीही न मारता तशीच लावली आणि हँडब्रेक कचकून ओढला. बाकीचं काम गंजानं केलं.

पटत नसेल तर 2020 आठवा. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, पण मार्चअखेरच्या लॉकडाऊननंतर सोसायटीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या आठवत असतील. पहिला पाऊस पडून गेल्यावर लोक खाली उतरले, तेव्हा अनेकांच्या गाड्या हलेनात. बॅटरी तर उतरली होतीच. जंप स्टार्ट करूनही मागचं चाक घसटत जायचं. तेव्हा थंडी कुठे होती? माझं मत विचाराल तर, सातारा जिल्ह्यात जानेवारीपेक्षा जुलैमध्ये जास्त चाकं चिकटत असणार. फक्त जुलैत आपण पावसाला दोष देतो आणि जानेवारीत थंडीला. हँडब्रेकचं नाव दोन्हीकडे निघत नाही.

हायवेच्या कडेच्या एखाद्या जुन्या गॅरेजवाल्याला फोन लावून बघा. ‘मामा, चाक जाम झालंय’ म्हटल्यावर तो ‘थंडी किती आहे’ असं विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘काल गाडी धुतली होती का?’ दुसरा, ‘किती दिवस उभी होती?’ आणि तिसरा, ‘जाम उभ्या उभ्या झालं की चालता चालता?’ निम्मं निदान या तीन प्रश्नांत होतं. डॉक्टर हिस्टरी घेतात, तसंच हे. वायव्हाला एक्स्टर्नल असाच मुद्द्यावर आला असता, तर आपण सगळे पास झालो असतो!

आता तुमची पाळी. आधी गाडीभोवती एक चक्कर मारा. हसू नका, चाकापुढे रात्री लावलेला दगड तसाच विसरलेला निघतो. टायर बसलाय का, चाक मऊ मातीत रुतलंय का, तेही दिसेल. मग जमीन सपाट आहे याची खात्री करून गाडी न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक पूर्ण खाली करा, एकाला ड्रायव्हरच्या सीटवर ब्रेकवर पाय ठेवायला तयार बसवा आणि बाकीच्यांनी ढकला. ढकलून सहज गेली, तर चाकं मोकळी आहेत आणि भानगड क्लच-गिअरच्या बाजूची आहे. न्यूट्रलमध्येही जागची हलली नाही, तर चाकच धरलंय. गिअरबॉक्सवाल्या मित्राचं निदान इथे बाद होतं.

धरलंय कुठलं? यासाठी एकानं गाडीपासून चार पावलं लांब, बाजूला उभं राहावं. पुढे नको, मागेही नको. दुसऱ्यानं अगदी हलक्या हातानं पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोडून पाहावा. मागची चाकं धरलेली असतील तर गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि क्लच दाबला की गाडी झोका घेतल्यासारखी जागेवर येते. थोडी सरकलीच, तर अंगणातल्या मातीकडे बघा. फिरणारं चाक टायरची नक्षी उमटवतं, घसटणारं चाक सपाट पट्टा ओढतं. एकाच बाजूला पट्टा असेल तर बिघाड त्या चाकात, किंवा त्या चाकाकडे जाणाऱ्या वायरमध्ये. दोन्ही बाजूंना असेल तर एक तर दोन्ही ड्रम चिकटलेत, किंवा लिव्हरच्या बाजूलाच वायर अडकली आहे.

लिव्हर हातात घेऊन बघा. एरवी ओढताना जेवढ्या ‘टक-टक’ ऐकू येतात तेवढ्याच येताहेत का? हातात काहीच वजन लागत नसेल, ती सैल आणि पोकळ वाटत असेल, तर वायर तुटलीय किंवा सुटलीय. लिव्हर नेहमीसारखी आहे, पण चाक धरलेलं आहे, असं असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला डोकावा. बाहेरूनच. गाडीखाली शिरायचं नाही. ड्रमच्या पाठीमागे जाणारी वायर दिसेल. हँडब्रेक सोडलेला असताना ती ढिली दिसत असेल, तर वायरनं आपलं काम केलंय आणि शू आत चिकटलाय. लिव्हर खाली असूनही वायर तारेसारखी ताणलेलीच असेल, तर ती तिच्या कव्हरमध्ये गंजून अडकली आहे आणि शूचा काही दोष नाही.

ही सगळी पद्धत तुमच्या ओळखीची आहे. कॉम्प्युटरवाल्यांना बायनरी सर्च शिकवतात, तेच. प्रत्येक प्रश्न असा विचारायचा की उत्तर ‘हो’ येवो नाहीतर ‘नाही’, निम्मे संशयित घरी गेले पाहिजेत. फरक इतकाच की आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड करणारा मुलगा हे हात काळे करून शिकतो आणि आपण स्लाइडवर शिकतो. चाक जाम झालं की मग त्याला फोन करतो.

तर, आपल्या केसमध्ये काल धुतलेली, रात्रभर हँडब्रेकवर उभी असलेली गाडी आहे, वायर ढिली आहे आणि मागची चाकं धरलेली आहेत. म्हणजे लायनर चिकटलेत. आता उपाय, तोही हलक्या हातानं. पुढे-मागे माणूस नाही, मोकळी जागा आहे, हे बघून पहिला गिअर टाकून थोडं पुढे, मग रिव्हर्स टाकून थोडं मागे, असे झोके द्या. रिव्हर्सला कारण आहे. ड्रमच्या रचनेत एक शू असा बसतो की ड्रम फिरायला लागला की त्याच्याबरोबर ओढला जाऊन तो आणखी घट्ट दाबला जातो. म्हणून नुसतं पुढेच रेटत राहिलात, तर कधी कधी पकड वाढते. दिशा बदलली की ताण दुसऱ्या शूवर येतो. रात्रीपुरता गंज असेल तर दोन-तीन झोक्यांत आतून ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो आणि गाडी मोकळी होते. तो आवाज ऐकून घाबरू नका, त्याचीच वाट बघत होतो.

सात-आठ झोक्यांनंतरही काही नाही? थांबा. पुढची पायरी म्हणजे चाक काढून ड्रमच्या कडेवर रबरी किंवा लाकडी हातोडीनं हलके ठोके देणं. हे तुम्हाला जमतं का, ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. स्टेपनी बदलायचा सराव असेल तर जमेल. पण जमीन कडक आणि सपाट हवी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड हवेत, गाडी गिअरमध्ये हवी (पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर गिअर पुढची चाकं धरून ठेवतो), नट जॅक लावण्याआधी ढिले करायचे, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही. जॅक टायर बदलण्यापुरता असतो, तो घसरतो. यातल्या एकाही गोष्टीला ‘चालतंय रे’ म्हणावंसं वाटलं, तर सरळ फिटरला बोलवा.

चाक सुटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सेल्फी झाला. खरा प्रश्न आता सुरू होतो. इथून पुढे जायचं का?

लायनर नुसता चिकटला होता की आत काही मोडलंय, हे ‘टक्’ आवाजावरून कळत नाही. म्हणून लगेच घाटाकडे वळू नका. गावातल्याच रिकाम्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर हळू फिरवा, मधूनमधून हलके ब्रेक मारा. सुरुवातीची खरखर ही गंज घासला जाण्याची, ती काही मिनिटांत जायला हवी. मग थांबा आणि चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. स्पर्श करायचा नाही, फक्त धग घ्यायची. डाव्या-उजव्या चाकांची धग सारखी असेल तर ठीक. एक चाक शेकोटीसारखं तापलं असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, जळका वास असेल किंवा आत काहीतरी खडखडत असेल, तर ब्रेक अजून सुटलेला नाही. त्या दिवशी खंबाटकी नाही, पाचगणी नाही, काही नाही. नायगाव याच तालुक्यात आहे. तिथे एसटीनं किंवा दुसऱ्या गाडीनं जा आणि ही गाडी फिटरच्या ताब्यात द्या.

एवढा कडकपणा कशासाठी, त्याचं गणित अकरावीच्या फिजिक्समधलं आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण 1300 मीटर उंच, वाई साधारण 700 मीटर. म्हणजे पसरणी घाट उतरताना गाडी सुमारे 600 मीटर खाली येते. गाडी आणि माणसं मिळून 1000 किलो धरा. वस्तुमान गुणिले 9.8 गुणिले 600, उत्तर साधारण 59 लाख ज्यूल. घरच्या नळाचं सतरा-अठरा लिटर पाणी, म्हणजे आंघोळीची एक मोठी बादली, उकळीपर्यंत न्यायला एवढी ऊर्जा लागते. उतारावर वेग वाढू द्यायचा नसेल तर ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. काही इंजिन खातं, काही वारा खातो, बाकी सगळी ब्रेकमध्ये. आणि एक चाक आधीच घासून तापलेलं असेल तर?

तर त्या चाकातलं ब्रेक ऑइल तापतं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 3 प्रकारचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग ब्रेकवर पाय दिला की पेडल स्पंजसारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असं सर्व्हिसिंगच्या वेळी सांगतात ते बिल वाढवायला नव्हे. पप्पांच्या गाडीचं शेवटचं कधी बदललं, हे फोन करून विचारायला हरकत नाही. तसाही चाकाचा विषय त्यांना सांगायचाच आहे. ‘पप्पा रागावतील’ म्हणून तापलेलं चाक घेऊन घाट चढणारी मुलं असतात. रागावणं संध्याकाळपर्यंत टिकतं.

घाट उतरताना आणखी एक. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे बहाद्दर प्रत्येक कॉलेजात आहेत. आजच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत उतारावर गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनला पेट्रोल जाणंच बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन सुरू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि बादलीभर पाणी उकळवणारी सगळी उष्णता एकट्या ब्रेकवर येते. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

आता गॅरेजवाल्या मामांचा तिसरा प्रश्न. चाक चालता चालता धरलं तर? तेव्हा संशयित वेगळे. मागच्या ड्रमऐवजी पुढच्या डिस्कवर नजर टाकावी लागते. डिस्कला दोन बाजूंनी चिमटा घेणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकतो, किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांचं ग्रीस संपतं. मग ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतात. बेअरिंग जाम होण्याआधी बरेच दिवस घों-घों आवाज करून सांगत असतं, फक्त आपण म्युझिक मोठं करतो. आणि एक लबाड कारण म्हणजे रबरी ब्रेक होज. जुना झाला की तो आतून सुजतो. पाय दाबल्यावर जोरानं ऑइल जातं, पण परत यायला वाट मिळत नाही. बाहेरून होज एकदम ठणठणीत दिसतो.

फिटर हे कसं ओळखतो ते बघण्यासारखं आहे. तो चाकाजवळचा ब्लीडिंगचा नट किंचित ढिला करतो. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक हातानं फिरायला लागलं, तर चाक ऑइलच्या दाबानं धरलं होतं, म्हणजे दोष होजमध्ये किंवा त्याच्याही मागे. नट सोडूनही चाक तसंच घट्ट, तर दोष तिथल्या तिथे, लोखंडात. एका नटात निम्मे संशयित घरी! रस्त्यावर तुम्ही हे करू नका, कारण नंतर लाइनमधली हवा काढावी लागते. पण फिटर करत असताना बाजूला मोबाइल बघत बसू नका.

खंबाटकीत चढणीला एखादा ट्रक मागची चाकं धरून उभा दिसला, तर त्याची गोष्ट उलटी असते. मोठ्या ट्रक-बसचे ब्रेक हवेवर चालतात आणि त्यांचा पार्किंग ब्रेक एका दणकट स्प्रिंगनं लागतो. हवेचा दाब त्या स्प्रिंगला मागे रेटून धरतो. कुठे गळती होऊन दाब उतरला, की स्प्रिंग सुटते आणि चाकं आपोआप जखडतात. म्हणजे तिथे जाम झालेलं चाक बऱ्याचदा बिघाडावरची सुरक्षा असते. आपण मागून हॉर्न वाजवत बसतो, तेव्हा आत ड्रायव्हर दाब भरायची वाट बघत असतो.

ज्यांना बर्फाचाच अनुभव हवा, त्यांच्यासाठी मनाली आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि हिवाळ्यात थेट लाहौलपर्यंत जाता येऊ लागलं. एमएच पासिंगच्या गाड्या तिकडे कमी नसतात. तिथे मात्र आपला खंडाळ्याचा निष्कर्ष उलटा करायचा. पारा शून्याखाली बराच उतरतो, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यातून गाडी आलेली असते, ड्रममध्ये पाणी असतं आणि हँडब्रेकच्या वायरचं रबर फाटलेलं असेल तर कव्हरच्या आतही. रात्री ते गोठलं की वायर, शू, ड्रम सगळं एकजीव. अशा ठिकाणी हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला दगड लावतात. चाक धरलंच तर ऊन येईपर्यंत थांबणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. घाई असेल तर कोमट पाणी, उकळतं नाही, कारण गार लोखंडावर उकळतं पाणी पडलं तर ते तडकू शकतं. आणि पाणी टाकलं की लगेच गाडी हलवून ब्रेक घासून वाळवायचे, नाहीतर तेच पाणी पुन्हा गोठतं. एमएससाठी अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा कॅनडात गेलेले तुमचे सीनियर पहिल्या हिवाळ्यात हेच शिकतात. तिथल्या ऑटोमॅटिक गाड्या सपाट जागी नुसत्या ‘पी’वर ठेवतात.

राहता राहिली आज रात्रीची सोय. गाडी खंडाळ्यात ठीक निघाली, चाकं थंड आहेत आणि तुम्ही महाबळेश्वरला पोचलात, असं धरू. गाडी धुऊ नका. ओल्या रस्त्यावरून आला असाल तर शेवटच्या किलोमीटरमध्ये चार-पाच हलके ब्रेक मारून ड्रम वाळवा. सपाट जागा असेल तर पहिला गिअर आणि चाकाला दगड पुरेसा आहे. महाबळेश्वरात सपाट जागा मिळणं कठीण, आणि उतारावर हँडब्रेकला पर्याय नाही. तिथे हँडब्रेक लावाच. वर गिअर टाका, पुढची चाकं कडेच्या कट्ट्याकडे वळवून ठेवा आणि दगडही लावा. वाटेत हायवेवर काही झालंच तर 1033 हा राष्ट्रीय महामार्गांसाठीचा हेल्पलाइन नंबर मोबाइलमध्ये असू द्या. आणि सकाळी निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाका. घाटात अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दिसत नाही.